व्हिएन्नाचा प्रसूतिकक्ष आणि नीराकाठचा ऊस

एप्रिल १८४७. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिकक्षात शंभरातील सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या. शेजारच्या, सुइणींच्या कक्षात मृत्यू बरेच कमी. असे का? #थ्रेड

उत्तर सापडले ते एका मित्राच्या मृत्यूत. शवविच्छेदनाच्या वेळी याकोब कोलेच्का यांच्या बोटाला सुरी लागली आणि ते सूतिकाज्वरासारख्याच लक्षणांनी गेले. इग्नाझ सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले की, पहिल्या कक्षातील विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतीला येतात. सुइणी शवविच्छेदन करीत नाहीत. मे महिन्यात ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले. १८४८ साली मृत्यू सव्वा टक्क्यावर उतरले.

या कथेतून सहसा ‘कर्मचाऱ्यांना शिस्त नाही’ एवढाच बोध काढला जातो. तो अपुरा आहे. १९९४ मध्ये जिनिव्हाच्या श्रीमंत रुग्णालयातही हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्केच होते. दिदिए पिते यांनी अल्कोहोलयुक्त द्रावण खाटेपाशी आणि कर्मचाऱ्यांच्या खिशात पोहोचवले, भित्तिपत्रके लावली. १९९७ पर्यंत प्रमाण ६६ टक्के झाले, संसर्गही घटला. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात, द्रावणाला २० ते ३०. एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड असतो आणि बेसिन व्हरांड्याच्या टोकाला, तेव्हा हा हिशेब उपदेशापेक्षा मोलाचा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र खुले आहे: ८० टक्के इथेनॉल, थोडे ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. मालीसारख्या गरीब देशाने ते उसाच्या अल्कोहोलपासून बनवले.

आता नकाशा बारामती-इंदापूरकडे वळवावा. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला, त्यामागून ऊस, मग माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचे सहकारी साखर कारखाने. मळीपासून अल्कोहोल हा या पट्ट्याचा घरचा माल. मार्च २०२० मध्ये केंद्राने कारखान्यांना सॅनिटायझर बनवण्यास सांगितले, तेव्हा राज्योराज्यी आसवन्या त्या कामाला लागल्या. म्हणजे अडचण तंत्राची नव्हतीच.

२०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले. त्या प्रवाहातील नगण्य वाटा परिसरातील उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी कायमचा राखून ठेवणे, उत्पादन शुल्काचा परवाना त्यासाठी सुलभ करणे, एवढीच मागणी रास्त आहे. (रक्ताने माखलेल्या हातांना साबण-पाणीच लागते, म्हणून नळाची मागणी सुटत नाही. इंदापूरच्या कोरड्या गावांत तर ती आधीची.)