बॉयलर, बिल आणि आपण



गेल्या हिवाळ्यात ऐन थंडीत आमच्या लोअर अर्लीच्या घरातला बॉयलर बंद पडला. घरात सहा महिन्यांचं बाळ आणि भारतातून आलेले आई-बाबा. चार ठिकाणी फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, चाळीस मिनिटांत पंखा बदलला आणि बिल हातात ठेवलं. आकडा सांगत नाही, पण पहिला विचार आला, "लुटलं!" आणि दुसरा आला, "आपण उगाच जावा शिकलो!"

पूर्वी हा दुसरा विचार विनोद होता. आता रीडिंगमध्ये तो गंभीरपणे बोलला जातो. थेम्स व्हॅलीतल्या आयटीच्या नोकऱ्यांवर आपल्यातली कितीतरी घरं उभी आहेत, आणि गेली दोन-तीन वर्षं नोकरकपात आणि एआय हे दोन शब्द ऐकल्याशिवाय एकही पॉटलक पार पडत नाही. "कॉम्प्युटर कोड लिहील, पण गळका नळ दुरुस्त करणार नाही" हे वाक्य तर मी या वर्षी निदान पाच जणांकडून ऐकलंय.

आमच्या एका मित्राने (नाव मुद्दाम देत नाही) हे नुसतं ऐकलं नाही, केलं. नोकरी गेल्यावर तो इलेक्ट्रिशियन झाला. त्याच्यासोबत एक संध्याकाळ त्याची हिशोबाची वही घेऊन बसलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

पहिला दरवाजा : व्हिसा

स्किल्ड वर्कर व्हिसा हा नोकरी देणाऱ्या कंपनीशी बांधलेला असतो. ती नोकरी सोडून स्वतःचा धंदा त्यावर करता येत नाही. ज्यांना आयएलआर मिळालंय किंवा जे नागरिक झालेत त्यांना काही अडचण नाही. डिपेंडंट व्हिसावरच्या जोडीदारालाही स्वतःचा व्यवसाय करता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं! पण मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने आयएलआरसाठीची नेहमीची ५ वर्षांची अट १० वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे जो "एकदा आयएलआर झालं की बघू" म्हणतो, त्याचं ते 'बघू' पाच वर्षं लांबू शकतं. वयाच्या पस्तिशीत शिडीवर चढणं आणि पंचेचाळिशीत चढणं यात फरक आहे.

दुसरा दरवाजा : सही

आपल्याला वाटतं, आपण इंजिनिअर, आपल्याला वायरिंग काय अवघड? मित्रालाही तसंच वाटलं होतं. त्याच्या बी.ई. इलेक्ट्रिकलचा ओहमचा नियम समजण्यापुरता उपयोग झाला, बस्स.

गॅसचं काम पैसे घेऊन करायचं तर गॅस सेफ रजिस्टरवर नाव असणं कायद्याने बंधनकारक आहे (१ एप्रिल २००९ पूर्वी हे काम कॉर्गीकडे होतं). ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्या माणसाला कोणकोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी बॉयलरवाला आला की जरूर पाहा. विजेचं थोडं वेगळं आहे. 'इलेक्ट्रिशियन' ही पाटी कोणीही लावू शकतो, पण २००५ साली पार्ट पी लागू झाल्यापासून घरातलं नवं सर्किट किंवा फ्यूज बॉक्स बदलणं अशा कामांची नोंद व्हावी लागते. एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या योजनेत नाव असेल तर स्वतःच प्रमाणपत्र देता येतं, नाहीतर दर वेळी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचे खेटे.

"काही आठवड्यांत इलेक्ट्रिशियन व्हा" अशा जाहिराती दिसतात, त्यांच्यापासून सावध. वर्ग लवकर संपतात. लेव्हल ३ एनव्हीक्यूला मात्र प्रत्यक्ष साइटवर केलेल्या कामाचे पुरावे लागतात आणि शेवटी एएम२ ही प्रात्यक्षिक परीक्षा असते. आमचा मित्र कोर्स संपवून आठ महिने फक्त एवढंच शोधत होता की आपल्या हाताखाली चाळिशीतला नवशिका कोण घेईल! त्या काळात घर चाललं ते वहिनींच्या पगारावर.

तेव्हा मला माझ्या बॉयलरचं बिल कळलं. मी चाळीस मिनिटांचे पैसे दिले नव्हते. उद्या रात्री घरात कार्बन मोनॉक्साइड पसरला तर जबाबदार कोण, या प्रश्नाच्या उत्तराखाली जो माणूस सही करतो, त्या सहीचे पैसे होते ते.

तिसरा दरवाजा : हिशोब

इथे आपण आयटीवाले हमखास फसतो. ताशी ५० पौंड धरा. आपण लगेच ४० तासांनी गुणतो. पण कोटेशन द्यायला जाणं, सामान आणणं, एम४ वर अडकणं, बिलाची आठवण करून देणं याचे पैसे कोणी देत नाही. बिल लावता येतील असे तास आठवड्याला २५ आणि आठवडे ४४ धरले, तर झाले वर्षाचे ५५,००० पौंड. व्हॅन, हत्यारं, विमा, नोंदणी यांचे समजा १५,००० गेले, तर राहिले ४०,०००. त्यावर कर. पगारी रजा नाही, आजारपणाचे पैसे नाहीत, कंपनीचं पेन्शन नाही. पाठ धरली की दुकान बंद!

शिवाय सरकारी बाजू :

१. बिल्डरच्या हाताखाली काम केलं तर सीआयएसप्रमाणे मजुरीतून २० टक्के आधीच कापून जातात, नोंदणी नसेल तर ३० टक्के.

२. उलाढाल ९०,००० पौंडांवर गेली की व्हॅट (एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ८५,००० होती). घरगुती गिऱ्हाइकाला व्हॅट परत मिळत नाही, त्यामुळे त्याला १,००० चं काम १,२०० ला पडतं. म्हणून कित्येक जण मुद्दामच मर्यादेच्या आत, एकटे राहतात.

३. ६ एप्रिल २०२६ पासून ५०,००० पौंडांहून जास्त ढोबळ उत्पन्न असलेल्या स्वयंरोजगारवाल्यांना दर तिमाहीला सॉफ्टवेअरमधून हिशोब पाठवायचा आहे. ही मर्यादा २०२७ मध्ये ३०,००० आणि २०२८ मध्ये २०,००० वर येणार.

गंमत म्हणजे या तिसऱ्या दरवाज्याशी आपला माणूस उजवा ठरतो. मित्र वेळेवर जातो, कोटेशन त्याच संध्याकाळी लेखी देतो, हिशोब दर रविवारी लिहितो. वुडली-अर्लीत त्याची कामं तोंडोतोंडीच येतात.

आणि चौथा : आपलं मन

मी सांगलीला शिकलो. पॅसेंजरने पुण्याला जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागायचं. ज्या लक्ष्मणरावांच्या नावाने आपण छाती फुगवतो, ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. बढती डावलली गेली, नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले ते भावाबरोबर चालवलेल्या सायकलच्या दुकानात. १८८८ चा तो धंदा. पुढे लोखंडी नांगर केला तर शेतकरी तो घेईनात. किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० मध्ये. मधली बावीस वर्षं मात्र आपण भाषणात गाळतो!

मित्राच्या वडिलांनी नातेवाइकांना अजून सांगितलेलं नाही. "मुलगा इंग्लंडला असतो", एवढंच. तो हसत सांगतो, पण हसताना खाली बघतो. इकडे महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. सरकारला यात लाज वाटत नाही, मग आपल्याला का?

माझं मत विचाराल तर एआयच्या भीतीने नोकरी सोडून पळू नका. हातात दोन-तीन वर्षांची शिल्लक आणि घरात दुसरा पगार असेल तरच विचार करा. पण तुमचा सोळा वर्षांचा मुलगा-मुलगी अप्रेंटिसशिप करायची म्हणाली, तर निदान "लोक काय म्हणतील" हे कारण देऊ नका. शिकत असतानाच पगार मिळतो आणि तो सहीचा हक्क विशीतच हातात येतो.

आणि पुढच्या गणपतीत आमचा मित्र भेटला तर "सध्या काय, नोकरी बघतोयस का?" असं विचारू नका. त्याला काम आहे. तारीख मिळाली तर बघा!