जुना एफएम ट्यूनर भंगारात द्यायचा, की कंडेन्सर बदलून वापरायचा?

दिवा लागतो, डायलवरचा काटा फिरतो, पण स्पीकरमधून बातम्यांऐवजी नुसती घुरघुर येते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक स्टिरिओ एफएम ट्यूनरची आज हीच अवस्था आहे. दुकानात नेला तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : "याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या."

हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ट्राय'ने १३ मोठ्या शहरांसाठी खासगी डिजिटल रेडिओची शिफारस केली. त्याआधी मे २०२५ मध्ये, कोणती वस्तू किती सहज दुरुस्त होते हे ग्राहकाला सांगणाऱ्या 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'बद्दलचा अहवाल केंद्र सरकारच्या समितीने दिला. एकीकडे नवं तंत्रज्ञान येतंय, दुसरीकडे दुरुस्ती हा हक्क मानायची भाषा होतेय. मग जुन्या यंत्राचं करायचं काय?

बिघडतं नेमकं काय?

ट्यूनर म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर नसलेला रेडिओ. स्टेशन पकडायचं आणि आवाजाचा सिग्नल ॲम्प्लिफायरकडे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. त्यातले ट्रान्झिस्टर, कॉइल आणि रेझिस्टर अनेकदा चाळीस वर्षांनंतरही ठणठणीत असतात. आधी थकतो तो कपॅसिटर. रेडिओ दुरुस्त करणारे त्याला 'कंडेन्सर' म्हणतात.

कंडेन्सर अनेक प्रकारचे असतात, पण वयाचा सगळ्यात जास्त फटका बसतो इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरला. छोट्या डबीसारख्या दिसणाऱ्या या भागात ॲल्युमिनियमची पट्टी, कागद आणि द्रव रसायन असतं. वर्षं जातात तसं रसायन सुकतं, वीज साठवायची ताकद घटते आणि आतला अडथळा वाढतो. या अडथळ्याला 'ईएसआर' म्हणतात.

आयुष्याचं ढोबळ गणितही आहे. समजा कंडेन्सरवर ८५ अंश सेल्सिअस आणि २,००० तास असं मानांकन आहे. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ४५ अंशांवर ते ३२,००० तास भरतं. रोज चार तास ट्यूनर लावला, तर जवळपास २२ वर्षं. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रातला कंडेन्सर थकला असेल, तर तो कंपनीचा दोष नाही. त्याचं वय झालंय.

कळवणमध्ये खरखर आली, तर दोष कंडेन्सरचाच का?

नाही, आणि इथेच बरेच पैसे वाया जातात. कळवण नाशिकपासून रस्त्याने सुमारे ७५ किलोमीटर. मध्ये सातमाळा डोंगररांग आडवी येते, ज्या रांगेत सप्तशृंगीचा गड आहे. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराआड सिग्नल कमजोर होतो. आकाशवाणी नाशिकचं एफएम १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. ते डोंगराच्या अलीकडे स्वच्छ आणि पलीकडे खरखरीत ऐकू आलं, तर यंत्राला दोष देण्याआधी अँटेना तपासायला हवी.

स्टिरिओला तर आणखी जोरदार सिग्नल लागतो. एफएम स्टेशन डावा आणि उजवा आवाज एकत्र करून पाठवतं. दोन्हींतला फरक ३८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात लपवलेला असतो आणि तो उलगडण्यासाठी १९ किलोहर्ट्झचा खुणेचा सूर सोबत येतो. सिग्नल कमजोर असला की हा फरकाचा भाग आधी खराब होतो. म्हणून स्टिरिओमध्ये खूप खरखर येते आणि 'मोनो'चं बटण दाबलं की आवाज साफ होतो.

घरच्या घरी ओळखायच्या खुणा अशा :

• मोनो केल्यावर किंवा छतावर अँटेना लावल्यावर खरखर कमी झाली, तर अडचण सिग्नलची आहे. सुमारे दीड मीटर लांबीची साधी डायपोल अँटेना डोंगराच्या बाजूने मोकळी, उंचावर लावली तरी फरक पडतो.
• स्टेशन कोणतंही असो, कायम खर्जातली घुरघुर येत असेल, तर पॉवर सप्लायमधल्या फिल्टर कंडेन्सरवर पहिला संशय.
• एकाच बाजूचा आवाज बारीक किंवा पातळ येत असेल, तर त्या बाजूचा कपलिंग कंडेन्सर तपासावा.
• सिग्नल चांगला असूनही स्टिरिओचा दिवा लुकलुकत असेल, तर स्टिरिओ डिकोडरच्या भागात बघावं लागतं.

बदलताना कुठे चुकतं?

पहिली चूक म्हणजे वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावणं. अनुभवी मेकॅनिक आधी बल्बच्या 'सिरीज बोर्ड'वर लावून बघतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक राहू शकते. ती रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय हात घालू नये. २३० व्होल्टची बाजू हाताळायची सवय नसेल, तर हे काम जाणकाराकडेच द्यावं.

दुसरी चूक म्हणजे प्लस-मायनस उलटं लावणं. असा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर फुटू शकतो. म्हणून आधी फोटो काढायचा आणि एका वेळी एकच भाग बदलायचा. मायक्रोफॅरड जुन्याइतकेच, व्होल्ट तितकेच किंवा थोडे जास्त आणि तापमानाचं मानांकन १०५ अंश, असा भाग घ्यायचा.

तिसरी चूक उत्साहाची : "सगळेच बदलून टाकू." स्टेशन पकडणाऱ्या भागातले छोटे सिरॅमिक कंडेन्सर, ट्रिमर आणि 'गँग' यांना विनाकारण हात लावला, तर सगळं जुळवलेलं गणित बिघडतं. मग सिग्नल जनरेटर लावून अलाइनमेंट नव्याने करावी लागते. आधी ईएसआर मीटरने मोजायचं आणि दोषी सापडेल तेवढाच बदलायचा.

परदेशातून आलेल्या यंत्रांची गोष्ट आणखी वेगळी. जपानच्या बाजारासाठी बनलेला जुना ट्यूनर ७६ ते ९० मेगाहर्ट्झच पकडतो, म्हणजे भारतातली बहुतेक स्टेशनं त्याच्या हद्दीबाहेर राहतात. अमेरिकी ट्यूनर इथे थोडा दबका वाजतो, कारण तिथे आवाजाचं 'डी-एम्फसिस' ७५ मायक्रोसेकंद असतं आणि आपल्याकडे ५०. हा फरक मात्र दोन छोटे कंडेन्सर बदलून काढता येतो. शिवाय या दोन्ही देशांतल्या यंत्रांना साधारण १०० ते १२० व्होल्ट लागतात, हे विसरलं तर सगळंच जळेल.

मग पार्ट खरंच मिळत नाहीत का?

साधे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर सहज मिळतात. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तपकीर गल्ली किंवा ऑनलाइन दुकानं, कुठूनही ते काही रुपयांत येतात. गंमत म्हणजे ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बनवणारी अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी नाशिकचीच आहे. तिचा भर मात्र उद्योगांना लागणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर आहे. असे सुटे भाग देशात जास्त बनावेत, यासाठी केंद्राने मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात कपॅसिटरसारखे पॅसिव्ह भागही येतात.

खरी टंचाई दोन गोष्टींची आहे : सर्किटचा नकाशा आणि तो वाचणारा माणूस. जुन्या अनेक रेडिओंच्या पाठीमागच्या झाकणावर आतून सर्किट डायग्राम चिकटवलेला असायचा. कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलं तरी त्या कागदावरून दुरुस्ती होते. आजच्या ब्लूटूथ स्पीकरसोबत असा कागद क्वचितच मिळतो. तालुक्याच्या गावांतली रेडिओ-टेपची दुकानं मोबाइलकडे वळली, तेव्हा हे कसबही मागे पडलं. आयटीआयमध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण हात बसतो तो समोर दुरुस्तीचं काम आल्यावरच.

'राइट टू रिपेअर' इथे काय करतो?

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. नव्या इंडेक्समध्ये वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती उघड आहे का, अशा निकषांवर गुण द्यायची सूचना आहे. सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून. फ्रान्समध्ये असा इंडेक्स जानेवारी २०२१ पासूनच लागू आहे.

हे निकष जुन्या ट्यूनरला लावून बघा. स्क्रू साध्या पेचकसाने निघतात, भाग बाजारात मिळतात, नकाशाही सोबत असतो. चाळीस वर्षांचं यंत्र इथे आजच्या अनेक वस्तूंना मागे टाकेल. २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्वापराची नोंद झाली. त्या ढिगात काही रुपयांच्या भागापायी फेकलेली यंत्रंही असतात.

डिजिटल रेडिओ आला की ट्यूनर निकामी होणार?

लगेच नाही. 'ट्राय'ची शिफारस 'सिमुलकास्ट'ची आहे, म्हणजे जुनं एफएम चालू ठेवून त्याच्यासोबत डिजिटल वाहिन्या. पहिल्या १३ शहरांत राज्यातली मुंबई, पुणे आणि नागपूर आहेत. नॉर्वेने मात्र २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं आणि स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४ च्या शेवटच्या दिवशी. असा निर्णय झाला, तर कंडेन्सर कितीही नवे असले तरी ट्यूनरला पकडायला काही उरत नाही. कंडेन्सर आपल्याला बदलता येतो. एफएम चालू ठेवणं मात्र सरकार आणि प्रसारकांच्या हातात आहे.

म्हणून भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तीन गोष्टी कराव्यात : मोनोचं बटण दाबून बघावं, अँटेना उंचावर न्यावी आणि ईएसआर मीटर असलेला मेकॅनिक शोधावा. घुरघुर तरीही गेली नाही, तर यंत्र द्यायचं की ठेवायचं, हे नीट माहिती घेऊन ठरवता येईल.