पुढचे चाक डगडगते तेव्हा

कापसाचा हंगाम आला की केळापूर तालुक्यातील पिकअपला उसंत नसते. पांढरकवड्याकडे कापूस न्यायचा, आणि बऱ्याचदा मागे वेचणीच्या आयाबहिणीही असतात. मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्याला मंजूर नाही, तरी बसवतात. अशा वेळी स्टेअरिंग थरथरू लागले तर 'चालते हो' म्हणून भागत नाही.

पहिला सल्ला मिळतो तो अलाइनमेंटचा. मी मिस्त्री नव्हे, कारकून. पण हा खर्च उलटा होतो एवढे कळते. सांधे ढिले असतील तर अलाइनमेंट टिकणारच नाही. आधी हवा, चाकाचे नट व टायरचा फुगवटा पाहा. ठराविक वेगालाच थरथर असेल तर बहुधा बॅलन्सिंग बिघडलेले किंवा रिम वाकलेली. ब्रेक दाबतानाच होत असेल तर डिस्क वा ड्रम. खड्डा लागताच चाक डगडगले, तर मात्र सांधे तपासावेत.

मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकने उचला, खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाक वरून-खालून धरून हलवा. ढिलेपणा, मिस्त्रीच्या भाषेत प्ले, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉलजॉइंट किंवा किंगपिन. आडवे धरूनच हलले तर टायरॉडचे टोक पाहा. पाट्याचे बुश आणि तेल गळणारा शॉकॲब्सॉर्बर त्याच वेळी पाहून घ्यावा. खराब भाग बदलल्यावरच अलाइनमेंटचे पैसे द्या.