केमला गाडी थांबेल का?

टूरिझम म्हटलं की आपल्याला गोवा, महाबळेश्वर, फार तर अजिंठा-वेरूळ आठवतं. हॉस्टेलच्या ट्रिपची मीटिंगही दरवर्षी याच नावांवर भांडून संपते. गेल्या दिवाळीत मी मात्र रूममेटच्या गावी गेले, करमाळा तालुक्यातल्या केमला.

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे कुंकू म्हणजे टिकलीचं पाकीट, एवढंच माझं ज्ञान. केम तर कुंकवासाठीच प्रसिद्ध! कामावरून परतणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत लाल. पंढरपूरला आपण घेतो ती पुडी कदाचित याच हातांतली असेल, पण पुडी घेताना हे कुणाच्या मनात येतं? मी भारावून गेले, तर रूममेट म्हणाली, "काय ठेवलंय गं आमच्याकडे बघण्यासारखं?" तिला पुण्यात नोकरी हवीय. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

पण खरंच काही नाही? गावात उत्तरेश्वराचं देऊळ आहे, करमाळ्यात कमलाभवानी, पलीकडे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी. रेल्वे स्टेशनही आहे, फक्त लांब पल्ल्याच्या बहुतेक एक्सप्रेस तिथे न थांबता धडधडत निघून जातात. आपल्या पर्यटनाचं चित्र याहून वेगळं नाही. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. आपल्याहून कितीतरी लहान थायलंडमध्ये जवळजवळ ४ कोटी!

अर्थात नुसती गर्दी म्हणजे प्रगती नव्हे. पंढरपूरला लाखो लोक येतात, आणि चंद्रभागा स्वच्छ करायला २०१६ मध्ये सरकारला वेगळी मोहीम जाहीर करावी लागली. शिवाय हा धंदा नाजूक. २०२० मध्ये कोरोना आला, परदेशी पर्यटक २७ लाखांवर आले, आणि माउलींच्या पादुकाही एसटीतून पंढरीला गेल्या. म्हणून पर्यटन हा जोडधंदाच असावा, सगळं घर त्यावर टांगू नये. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतीला ही जोड दिली. मग कारागिरीला का नको?

यात आपलं काम काय? भरपूर आहे. कुंकवाची धूळ बायकांच्या नाकातोंडात जाते, ती ओढून घेणारं स्वस्त यंत्र हा फायनल इयरचा प्रोजेक्ट होऊ शकत नाही का? पाहुण्यांसाठी स्वच्छ संडास, स्टेशनपासून पाट्या, थेट विक्रीची सोय, यातलं अशक्य काहीच नाही. एक अट मात्र हवी : येणाऱ्याने फोटो काढून निघून जायचं नाही. कुंकू तिथेच, करणारीच्या हातून, तिच्या भावाने घ्यायचं.

यंदाच्या ट्रिपच्या मीटिंगमध्ये मी केमचं नाव सुचवणार आहे. हसाल, माहीत आहे. पण आपण चाळीस जण उतरलो, तर "काय ठेवलंय आमच्याकडे" हे वाक्य माझी रूममेट निदान त्या दिवशी तरी म्हणणार नाही.