शंभर टक्के मॅच, पण कशाशी?

भाषांतराच्या धंद्यात मुरलेल्या एका गृहस्थांचे म्हणणे सध्या फार कानांवर येते. मराठी एक, तेव्हा तिची ट्रान्सलेशन मेमरीही एकच असावी. वऱ्हाडाकडची, कोल्हापूरकडची, गोव्याकडची भाषांतरे निराळी ओळखू येतील अशी ठेवणे म्हणजे भावनांचे लाड. सगळे एका फायलीत ओतावे, भाषेच्या रकान्यात 'मराठी-भारत' लिहावे आणि ज्याची टक्केवारी जास्त ते उचलावे. त्याने एकसारखेपणा येतो, पैसे वाचतात आणि मराठीचे तुकडे होत नाहीत. तीन फायदे एका दमात सांगितले की टाळ्या पडतातच. त्यातला पैसे वाचण्याचा फायदा खरा आहे. ते कोणाच्या खिशातून वाचतात ते पुढे पाहू.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉफ्टवेअरमधला इंग्रजी मजकूर वाक्यावाक्याने भाषांतरकारापुढे येतो. मूळ वाक्य आणि त्याचे मराठी अशी जोडी एका साठ्यात जमा होते. पुन्हा तसेच वाक्य आले की यंत्र जुने भाषांतर पुढे करते. या साठ्याला टीएम म्हणतात. वाक्य जसेच्या तसे असेल तर शंभर टक्के मॅच, थोडे इकडेतिकडे असेल तर फझी.

आता ही टक्केवारी कशाची, हे गृहस्थांनी कुठेच सांगितलेले नाही. ती इंग्रजीची असते. आजचे इंग्रजी वाक्य आणि साठ्यातले इंग्रजी वाक्य यांची तुलना करून यंत्र आकडा काढते. मराठी बाजूकडे ते ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे 'शंभर टक्के' याचा अर्थ एवढाच की हे इंग्रजी वाक्य पूर्वी कोणीतरी, कुठेतरी, कोणासाठी तरी मराठीत आणले होते. कोणी, कुठे, कोणासाठी, हे प्रश्न गृहस्थांच्या एकमेव फायलीने पुसून टाकलेले असतात. उरतो फक्त आकडा, आणि आकड्यापुढे आपल्याकडे सगळे हात जोडतात.

शेतीसल्ल्याचे एखादे ॲप घ्या. इंग्रजी वाक्य म्हणते, पेरणीनंतर तीन आठवड्यांनी तण काढा. पुणे-नगरकडचा भाषांतरकार लिहितो 'खुरपणी करा'. साताऱ्या-सांगलीचा माणूस 'भांगलण' म्हणेल, विदर्भातला 'निंदण'. पुढच्या वाक्यात ओळींमधली माती हलवायची आहे: पश्चिमेकडे ती कोळपणी, विदर्भात डवरणी, कारण तिथे अवजाराचे नावच डवरा. त्याच्याही आधीची मशागत पश्चिमेकडे कुळवाने होते, विदर्भात वखराने. हे शब्द कोणी हौसेने घडवलेले नाहीत. माती, पीक, बैल आणि लाकूड यांतून ते आले आहेत, आणि ज्याला सल्ला द्यायचा तो याच शब्दांत विचार करतो. राज्यानेसुद्धा कृषी विद्यापीठे एक न काढता राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार काढली. शेती ठिकाणागणिक बदलते हे सरकारला कळले, टीएमवाल्यांना अजून कळायचे आहे.

समजते की सगळ्यांना, असे यावर ऐकवले जाते. समजतेही, बहुतेक वेळा. पण 'पऱ्हाटी' घ्या. कुठे ती शेतात उभी असलेली कपाशी, कुठे वेचणी उरकल्यावर मागे राहिलेल्या काड्या. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात उतरू नये म्हणून हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटून नष्ट करा, हा रास्त सल्ला आहे. तेच वाक्य शंभर टक्के मॅच म्हणून दुसऱ्या भागातल्या, दुसऱ्या महिन्यातल्या सूचनेत जाऊन बसले तर वाचणाऱ्याने काय उपटायचे? तेव्हा गृहस्थ तिथे नसतील. भाषांतरकारही नसेल, कारण त्याने ते वाक्य पाहिलेलेच नसेल.

पाहिलेले का नसेल, याचे उत्तर दरपत्रकात आहे. नव्या वाक्याला पूर्ण दर, फझीला कमी, आणि शंभर टक्क्यांना नाममात्र, पुष्कळदा शून्य. ज्याचे पैसे नाहीत ते वाक्य कोण वाचेल? कित्येक कामांत ही वाक्ये कुलूप लावूनच येतात, बदलायची मुभाच नसते. एकाच फायलीची सगळी गंमत इथे आहे. चार प्रांतांची भाषांतरे एकत्र ओतली की शंभर टक्क्यांची वाक्ये वाढतात, बिल घटते, आणि ज्या वाक्यांवर कोणाची तरी नजर पडायला हवी तीच नजरेआड होतात. गृहस्थांची बचत ती हीच. ती निघते भाषांतरकाराच्या मेहनतान्यातून आणि वाचकाच्या समजुतीतून. याला एकसारखेपणा म्हणायचे असेल तर म्हणा. अंधारात सगळ्या म्हशी सारख्याच दिसतात.

शिवाय एकाच फायलीत एका इंग्रजी वाक्याला अनेक मराठी रूपे ठेवायची सोय प्रत्येक टूलमध्ये चालू केलेली असतेच असे नाही. नसेल तर शेवटी लिहील त्याचे राहते. सोमवारी अकोल्याच्या बाईंनी विचारपूर्वक 'निंदण' लिहिले, शुक्रवारी दुसऱ्या प्रकल्पात कोणीतरी 'खुरपणी' लिहिले, की अकोल्याचे नाव पुसले गेले. वाद झाला नाही, चर्चा झाली नाही, कोणी निर्णय घेतला नाही. आणि याला गृहस्थ प्रमाणीकरण म्हणतात!

प्रमाणीकरणाचा विषय निघालाच आहे तर जरा मागे जाऊ. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली, अनुच्चारित अनुस्वार गळाले. तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि अजूनही एखाद्या दिवाळी अंकात त्याची राख उकरणारा लेख सापडतो. अनुस्वार गेल्याने भाषा बुडेल असे म्हणणारे चुकले, भाषा बुडाली नाही. पण नियम करणाऱ्यांनी निदान नियम लिहून काढले, कारणे दिली, विरोध ऐकून घेतला. बोलीभाषेला शाळेत जागा असावी की नसावी हा वादही असाच दर दहा वर्षांनी उगवतो, त्याच माणसांमध्ये, त्याच वाक्यांनी. त्या वादांत दोन्ही बाजूंना निदान तोंड तरी होते. टीएममध्ये हरलेल्या बाजूला आपण हरलो हेही कळत नाही.

बरे, गृहस्थांच्या त्या प्रमाण फायलीत तरी एकवाक्यता आहे का? 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी ते 'अ'ला चंद्र जोडून लिहीत आणि अजूनही कित्येकजण तसेच लिहितात. 'पऱ्हाटी'तला आडवा र साठवण्याचे दोन मार्ग आहेत. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, यंत्राला मात्र ती निराळी, आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. शब्दसूचीतला शब्द भाषांतरात आला का हे तपासणारे यंत्र डोळ्यांसमोरचा शब्द नाही म्हणून सांगते. घरचे हे झाकलेले भांडण आधी मिटवावे, मग वऱ्हाडाला शिस्त शिकवावी.

आता पोर्तुगीजचा दाखला. बघा, पोर्तुगीजांनी १९९० मध्ये करार करून स्पेलिंग एक केले, तसे आपणही करू, असे गृहस्थ मोठ्या थाटात सांगतात. करार झाला, ब्राझीलने तो २००९ पासून लागू केला आणि २०१६ पासून सक्तीचा केला, हे सगळे खरे. पण सॉफ्टवेअर अजूनही ब्राझीलचे वेगळे आणि पोर्तुगालचे वेगळेच निघते. पडद्यावरच्या फाइलला ब्राझील 'आर्किव्हो' म्हणतो, पोर्तुगाल 'फिशेइरो'. वापरकर्त्यालाही दोन्हीकडे दोन निराळे शब्द आहेत. करारामुळे तर एक मजाच झाली. हॉटेलच्या स्वागतकक्षाचा पोर्तुगीज शब्द पूर्वी दोन्ही देशांत एकाच स्पेलिंगने लिहीत. जे अक्षर उच्चारत नाहीत ते गाळायचे, या नव्या नियमाने पोर्तुगालने त्यातला 'पी' काढला. ब्राझीलमध्ये तो उच्चारला जातो, म्हणून तिथे राहिला. एकीकरणाच्या करारातून एक नवा फरक जन्माला आला. दाखला द्यायचा तर पूर्ण वाचून द्यावा.

पोर्तुगीजचा साचा मराठीला बसत नाही याचे आणखी एक कारण आहे. टूल्सची सवय अशी की प्रकार म्हणजे देश: भाषा, मग आडवी रेघ, मग देश. मराठीचे वैविध्य बहुतांशी एका देशाच्या आत आहे. नागपूर, सावंतवाडी, बेळगाव, पणजी, तंजावर, बडोदा, सगळीकडे तेच 'मराठी-भारत'. देशाचे नाव जोडून आपण काहीच सांगत नाही.

तुकड्यांची भीती मात्र गमतीची आहे. वऱ्हाडी-नागपुरीला आणि अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासूचीत आधीपासून स्वतंत्र कोड आहेत: 'व्हीएएच' आणि 'एएचआर'. आणि ते मराठीच्या कोडच्या आत नाहीत, शेजारी आहेत. मराठीच्या छत्राखाली खूण करायलाही जागा द्यायची नाही असे ठरवले, तर ज्याला वऱ्हाडीत ॲप काढायचे आहे तो सरळ शेजारच्या दारातून जाईल. भाषा एकत्र राखण्याचा हा उपाय असेल तर फाळणीचा कसा असेल?

मग करायचे काय? माझे म्हणणे फार मोठे नाही. साठा एकच ठेवा, पण प्रत्येक जोडीवर तिचे ठिकाण लिहा. जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी मेमरी मागणारे उत्साही लोक आहेत, त्यांच्या मागे मी जाणार नाही. 'पासवर्ड बदला' हे गडचिरोलीत आणि गोव्यात सारखेच असते, आणि अशी वाक्येच फार. त्यांना नुसते 'मराठी' पुरे. जिथे शब्द ठिकाणाने ठरला तिथेच खूण लावा. मेमरीच्या देवाणघेवाणीचे टीएमएक्स हे स्वरूप, त्याची १.४बी आवृत्ती २००५ सालची, प्रत्येक रूपावर भाषेची खूण सक्तीने मागते आणि हवी ती जादा माहिती ठेवायला रकानाही देते. भाषेच्या खुणेला 'एक्स' लावून स्वतःचे नाव जोडता येते. फक्त ते रोमन लिपीत आठ अक्षरांत बसले पाहिजे. विदर्भ आणि खानदेश नेमके आठात बसतात. मराठवाड्याला दोन अक्षरे कमी करून घ्यावी लागतील, त्यावर कोणी मोर्चा काढू नये.

खूण असली की बाकीचे यंत्राला सांगता येते. विदर्भाचे काम असेल तर आधी विदर्भाची जोडी, ती नसेल तर साधी मराठी, आणि दुसऱ्या प्रांताची दाखवायचीच तर गुण कापून. ओमेगाटीसारख्या फुकट मिळणाऱ्या टूलमध्येही 'पेनल्टी-३०' नावाच्या फोल्डरात ठेवलेल्या मेमरीच्या प्रत्येक मॅचमधून ३० टक्के वजा होतात. शंभराचे सत्तर झाले की ते वाक्य कोणीतरी वाचते. आणि ज्या मॅचवर दुसऱ्या प्रांताची खूण आहे तिला दरही फझीचा लावावा, शंभराचा नव्हे.