फुकट पार्किंगचं बिल कोण भरतं?

'आमच्याकडे स्टाफला पार्किंग फुकट आहे' हे कंपन्या असं सांगतात, जणू ती जमीन आभाळातून पडली. येण्याजाण्याची वाट धरली तर एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. ती विकत किंवा भाड्याने घ्यावी लागते, तिथे डांबर, दिवे, वॉचमन लागतो. हा खर्च कंपनीच्या ताळेबंदात मुरतो आणि त्याची झळ सगळ्यांच्या पगाराला लागते, बसने लटकत येणाऱ्याच्याही. फायदा मात्र फक्त गाडीवाल्याला.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराने हा लपलेला हिशेब उघडा केला. एप्रिल २०१२ पासून तिथे ज्यांच्याकडे स्टाफच्या गाड्यांसाठी ११ किंवा जास्त जागा आहेत, त्या मालकांना जागेमागे वर्षाला पैसे भरावे लागतात. सुरुवातीचा दर होता २८८ पौंड. कामाचे २४० दिवस धरा. दिवसाला १ पौंड २० पेन्स. एवढ्यावरून उद्योगजगताने आकाशपाताळ एक केलं. त्यांचे आक्षेप तीन.

पहिला: हा रोजगारावर कर आहे. साफ खोटं. कर माणसामागे नाही, जागेमागे आहे. पाचशे माणसं कामावर ठेवा आणि गाड्यांना दहाच जागा द्या, एक पेनीही भरावी लागणार नाही.

दुसरा: कंपन्या शहर सोडून जातील. कर लागून दशक उलटलं, नॉटिंगहॅम ओस पडलेलं नाही. उलट या पैशाचा मोठा वाटा ट्रामच्या विस्ताराला गेला. तो पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन कायद्यातच आहे. २०१५मध्ये क्लिफ्टन आणि टोटन लेनपर्यंतचे नवे मार्ग सुरू झाले. त्यातला एक विद्यापीठाजवळून आणि क्वीन्स मेडिकल सेंटर या मोठ्या हॉस्पिटलच्या आवारातून जातो. कंपन्यांना शहरात माणसं हवी असतात ना? मग ती माणसं कामावर पोचायला नकोत?

तिसरा आक्षेप सगळ्यात भावनिक: बोजा शेवटी गरीब कामगारावर पडेल. यात तथ्य आहे, ते मान्य करू. काही मालकांनी ही रक्कम खरोखरच स्टाफकडून वसूल केली. पहाटे तीनला शिफ्ट सुटणाऱ्याला ट्राम मिळत नाही, हेही खरं. पण कायद्याने बिल मालकाच्या नावावर फाडलं आहे. ते सफाई कामगाराच्या माथी मारायचं की नाही, हे मालक ठरवतो. रात्रपाळीला सूट द्या, जास्त पगारवाल्याकडून जास्त घ्या, कोण अडवतं? स्वतःच खिशात हात घालायचा आणि 'बघा, सरकारने लुटलं' म्हणायचं, ही कामगाराची काळजी नव्हे. आणि ज्या कामगाराकडे गाडीच नाही, त्याची काळजी या मंडळींना आजवर कधी वाटली?

तरीही ओरड कामाला येते. शेजारच्या लेस्टर शहराने असाच कर आणायचं ठरवलं होतं. २०२२मध्ये महागाईचं कारण देऊन तो बेत गुंडाळला. कर गेला, पण गाडीला लागणारी जागा आणि तिचा खर्च कुठे गेला नाही. तो पुन्हा नजरेआड झाला, इतकंच.

हे परदेशातलं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. उद्या हिंजवडीच्या बसमध्ये उभ्याने जाताना तुमच्या ऑफिसचं पार्किंग आठवा. त्या जागेचे पैसे तुम्हीही भरताय. तुमच्या तिकिटासाठी कंपनी काय देते, हे एकदा एचआरला विचारा. उत्तर 'काही नाही' असेल, तर फुकट कोणाला आणि विकत कोणाला, हे तुम्हाला कळेल.