सीटला खोबरेल नको!

परवा गाडीची ड्रायव्हरची सीट दाखवायला ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो होतो. चढता-उतरता घासून तिच्या कडेचा रंग उडालाय, बारीक भेगा पडल्यात. दुकानदाराने नीट पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, कव्हर टाका, विषय संपला." घरी आलो तर मामांचा सल्ला, खोबरेल चोळ!

दोन्ही चूक.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक लेप. भेगा आधी त्या थराला पडतात. खालचं कातडं बरेचदा शाबूत असतं. तेल त्या लेपातून मुरत नाही. वरच राहतं, धूळ धरतं, पँटला लागतं आणि पुढे रंग द्यायचा म्हटलं तर तो धरत नाही. बूट पॉलिशची तीच गत.

आणि कव्हर? सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर वरून घट्ट चढवलेलं भलतंच कव्हर ऐन वेळी तिची वाट अडवू शकतं. शोभेसाठी बरगड्या पणाला लावायच्या?

खरं काम साधं आहे. मऊ ब्रशने मळ काढा. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. भेगांत लेदर फिलर भरा. मग लेदरच्या वॉटर-बेस्ड रंगाचे पातळ हात आणि शेवटी संरक्षक लेप. प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा, एवढाच काय तो धीर.

जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवणारी माणसं आपण. सीटच्याच बाबतीत 'झाकून टाका' का म्हणतो?

असो. मामा, रागावू नका. खोबरेल डोक्याला लावतो की!